छाटणीची टोळी बोलवू का?

पत्र असं आहे :

"बाई, सलाम. आम्ही तासगाव तालुक्यातले. दोन एकर द्राक्षबाग आहे. थोरला मुलगा चोवीस वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. बागेचं सगळं तोच बघायचा. तेव्हापासून आमचे मालक पार बदलले. पहाटेपासून मोबाईलवर शेवटच्या काळाचे उपदेश ऐकत बसतात. म्हणतात, हे जग जळून जायचंय, आपलं घर वर आहे, मातीत पैसा कशाला घालायचा? यंदाचा माल कसाबसा बेदाण्याला दिला. आता एप्रिल छाटणी तोंडावर आलीय, तर टोळीला फोन करू देत नाहीत. बीपीच्या गोळ्या महिनाभर बंद आहेत. परवा जेवताना म्हणाले, आता मलाच बोलावणं यावं. मी बागेचा विषय काढला की म्हणतात, तुझं मन धनावर आहे. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणतात, देवानं बागेतलं चांगलं फूल खुडलं, रडू नकोस, तो स्वर्गात आहे. बाई, मला स्वर्ग खोटा वाटत नाही. पण मला अजून तिकडं जायचं नाही. मला बाग छाटायचीय. धाकटीचं बारावीचं वर्ष आहे. माझा विश्वास कमी पडतोय का? — एक बहीण"

सलाम, बाळ. वयानं मी तुझ्या आईच्या जागी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

तू विश्वासाचं विचारलंस, पण आधी दुसरंच बोलते. "मलाच बोलावणं यावं" हे वाक्य आपल्या मंडळीत कुणीही म्हातारं माणूस रोज म्हणतं आणि वर चहा मागतं. बावन्न-पंचावन्नच्या बापानं, लेक गेल्यावर, गोळ्या बंद करून म्हटलं की त्याचा अर्थ वेगळा असू शकतो. नसेलही. अंदाज बांधत बसू नकोस, सरळ विचार. रात्री धाकटी झोपल्यावर शेजारी बस आणि विचार, "जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट विचारलं की माणूस थोडा सैल होतो. फवारणीच्या औषधांच्या खोलीला आजच कुलूप लाव आणि किल्ली घरात ठेवू नकोस, दिराकडे नाहीतर शेजारी दे. कारण सांगायची गरज नाही. 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आधी तू स्वतः लाव, मग त्यांना दे. ते "हो, येतो विचार" म्हणाले, तर त्यांना एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने.

बीपीचंही तसंच. महिनाभर खंड पडलाय, तर जुनी चिठ्ठी काढून आपल्या मनानं गोळी सुरू करू नका, डॉक्टरांना दाखवून काय ते ठरवा. वाटेत वचनांवर वाद घालायचा नाही. "तुमच्यासाठी नाही, माझ्या जिवाला घोर लागलाय म्हणून चला," एवढं म्हण. नवरे या वाक्याला बहुतेक वेळा हलतात.

आता तुझा प्रश्न.

मलाही जायचं नाही अजून. अडुसष्टावं चालू आहे, गुडघे गेलेत, हे जाऊन अकरा वर्षं झाली, तरी सकाळी यवतेश्वराच्या डोंगरावर ऊन आलं की मला बरं वाटतं. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. नाही दिसला अजून तर नाही दिसला. यात अविश्वास कुठं आला? बायबलातलं पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र काढून पहिला अध्याय वाच. तुरुंगात बसून लिहिलेलं आहे. तो म्हणतो, इथून निघून ख्रिस्ताजवळ असणं कितीतरी चांगलं, पण तुमच्यासाठी देहात राहणं जास्त गरजेचं आहे. दोन्हीकडून ओढला जातो आणि राहणार म्हणून सांगतो. स्वर्गाची ओढ त्याला होती, आणि ती असूनही लोकांसाठी थांबायला तो तयार होता. तू धाकटीसाठी थांबायचं म्हणतेस, तर तू काही वेगळं बोलत नाहीस.

यजमान जे सारखं म्हणत असतील, "आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे", ते वचनही त्याच पत्रातलं, तिसऱ्या अध्यायातलं. ते कुणाला लिहिलंय बघ. फिलिप्पै म्हणजे रोमनांची वसाहत. लढाया संपल्यावर निवृत्त सैनिकांना तिथं जमिनी देऊन वसवलेलं होतं. आमच्याकडं साताऱ्याजवळ अपशिंगे आहे ना, घरटी फौजी असलेलं, तसं काहीसं डोळ्यापुढं आण. अशा गावातला सुभेदार पेन्शनीत घरी येतो. तो काय पलटणीत परत जायची वाट बघत ओट्यावर बसतो? पहाटे पाचला उठतो, अंथरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा लावून घालतो, पोरांना मैदानावर पळवतो, ग्रामपंचायतीत एक रुपया इकडचा तिकडं होऊ देत नाही. पलटणीचं वळण त्यानं गावात आणलेलं असतं. फिलिप्पैच्या लोकांना नागरिकत्व म्हटल्यावर हेच कळलं असणार. रोमचं नागरिक असणं म्हणजे रोमला पळून जाणं नव्हे, इथल्या मातीत रोमच्या रीतीनं राहणं. मग स्वर्गाचं नागरिक असणं म्हणजे तासगावात स्वर्गाच्या रीतीनं राहणं. त्यात बाग पडीक टाकणं कसं बसवायचं ते मला तरी जमलेलं नाही.

"जग जळून जायचंय" हे पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आहे, खरं आहे, मी ते खोडून काढत नाही. पण मोबाईलवरचे उपदेशक तिथंच का थांबतात हे मला कोडं आहे. दोन-तीन ओळी पुढं गेलं की नवं आकाश आणि नवी पृथ्वी येते, जिथं नीतिमत्त्व वास करतं. पृथ्वी, बाळ. नुसतं आकाश नाही. प्रकटीकरणाच्या शेवटी माणसं वर उडत नाहीत. नगर वरून खाली उतरतं, देव माणसांत राहायला येतो आणि डोळ्यांचं पाणी पुसतो. आणि यशयाच्या पासष्टाव्या अध्यायात तुझ्या कामाची गोष्ट आहे. नव्या आकाशाचं, नव्या पृथ्वीचं बोलता बोलता संदेष्टा सांगतो की लोक घरं बांधून त्यात राहतील, द्राक्षमळे लावतील आणि त्यांचं फळ खातील. एकानं लावायचं आणि दुसऱ्यानं खायचं असं होणार नाही. मी हे वचन पन्नास वर्षं वाचतेय, पण तुझं पत्र आल्यावर पहिल्यांदा थांबून वाचलं. देवाला स्वर्गाचं चित्र काढायला द्राक्षमळा लागला.

यिर्मयाचीही गोष्ट यजमानांना वाचून दाखव, बत्तिसावा अध्याय. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, नगर जाणार हे त्यानं स्वतःच सांगितलंय, त्यापायी तो पहाऱ्याच्या चौकात कोंडलेला आहे. अशात चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन! आणि हा सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखतावर शिक्का मारतो आणि पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. सातबारा मडक्यात! का, तर देव म्हणाला, या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील. आशा असलेला माणूस काय करतो हे मला तिथं दिसतं. तो पैसे मोजतो, सही घेतो.

माझे वडील याच जातीचे. आम्ही मिरजेचे. डॉक्टर वानलेसनी 1894 साली उभारलेल्या दवाखान्याभोवती आमच्या मंडळीची दोन-तीन पिढ्यांची घरं उभी राहिली. वानलेस स्वर्ग मानणारा मिशनरी, पण त्यानं आधी ऑपरेशनचं टेबल मांडलं, आणि सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांच्या आरोग्यधामापाशी आजही त्याच्या नावाची वाडी आहे. तर वडील. रोज पहाटे मोठ्यानं प्रार्थना करायचे, "प्रभू येशू, लवकर ये, आजच ये." भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही पाठ होती. आणि एकोणऐंशीव्या वर्षी पोस्टात जाऊन पाच वर्षांची आरडी उघडली. काउंटरवरच्या मुलीनं जन्मतारीख बघून विचारलं, आजोबा, पाच वर्षं? म्हणाले, "तो आला तर तुमचे पैसे तुम्हाला राहिले, नाही आला तर नातीच्या कॉलेजला होतील." दोन्ही वाक्यं ते मनापासून बोलायचे. आम्ही भावंडं हसायचो. आज मी हसत नाही. थेस्सलनीकेत अशीच मंडळी होती बघ, प्रभूचा दिवस आलाच म्हणून घाबरलेली. त्यातले काही कामधंदा सोडून दुसऱ्याच्या घरी लुडबुड करत होते. पौलानं त्यांना स्वर्गाचा धडा शिकवला नाही. निमूटपणे काम करून स्वतःची भाकर खा म्हणाला. हे मात्र यजमानांच्या तोंडावर फेकू नकोस. ते आळशी नाहीत. त्यांचं दुखणं निराळं आहे, त्याकडे येते.

त्याआधी ते फूल.

"देवानं चांगलं फूल खुडलं" हे कुठल्याही पुस्तकाच्या कुठल्याही अध्यायात नाही. मी शोधलंय, कारण मलाही ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या बागेतलं फूल न विचारता तोडणाऱ्याला आपण गावात काय म्हणतो? बायका प्रेमानं बोलतात, काय बोलावं ते सुचत नाही म्हणून बोलतात, त्यांना तोडू नकोस, पण तू ते मनाला लावून घ्यायचं कारण नाही. बेथानीला लाजर मेला तेव्हा येशूला ठाऊक होतं की पाव घटकेत आपण त्याला बाहेर बोलावणार आहोत. तरी रडला. स्वर्ग माहीत असणारा, मरण हरवणारा, कबरेकडं जायच्या वाटेवर रडला. पौलानंही थेस्सलनीकाकरांना "आशा नसलेल्या इतरांसारखा" खेद करू नका म्हटलंय. खेद करू नका एवढ्यावर तो थांबला नाही. तू दोन वर्षांत पोटभर रडली आहेस का? पत्रावरून वाटत नाही. कुणीतरी कणखर राहायला हवं म्हणून तू राहिलीस, आणि आता त्यालाच धनावरचं मन म्हणतायत.

एक शब्द आपल्या मंडळीत आहे तो मला फार आवडतो. बाकी लोक गेलेल्या माणसाला कैलासवासी म्हणतात, स्वर्गवासी म्हणतात. आपण कबरेच्या दगडावर ख्रिस्तवासी कोरतो. जागेचं नाव नाही, माणसाचं नाव. तुझा लेक कुठं आहे याचं मला यापेक्षा जास्त सांगता येत नाही. कुणापाशी आहे ते सांगता येतं.

आता यजमान. हे मी तुझ्या पत्रातल्या एका ओळीवरून बोलते, चुकले तर सांग. तू लिहिलंस, बागेचं सगळं तोच बघायचा. म्हणजे ड्रिपच्या नळ्या त्यानं अंथरल्या, ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, त्यानं तारेवर बांधले, फवारणीची वही त्याच्या अक्षरात असणार. तुझे यजमान बागेत शिरले की झाडागणिक तो भेटतो. आणि मोबाईलवरच्या उपदेशातला स्वर्ग? तिथं तो नाही भेटत, तिथं कुणीच ओळखीचं नाही, नुसता आवाज आहे. म्हणून तिथं बसणं सोपं जातं. मला वाटतं बाग त्यांनी स्वर्गासाठी सोडलेली नाही. बागेत उभं राहवत नाही, म्हणून स्वर्गाचं नाव घेतात.

हे मी कशावरून म्हणते? हे गेल्यावर मी यांच्या स्कूटरवर जुनी चादर टाकून दीड वर्ष ठेवली होती. महिला मंडळात उठून साक्ष दिली की मला या जगातल्या वस्तूंचा मोह उरला नाही. बायकांनी आमेन म्हटलं. खरं एवढंच होतं की मला ती चादर काढवत नव्हती. मग एका रविवारी भाचा आला, मला न विचारता चादर ओढली, प्लग साफ केला, किका मारल्या. विसाव्या-पंचविसाव्या किकला ती सुरू झाली आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघाला, आणि मी जी अंगणात बसले ती संध्याकाळपर्यंत रडत होते. त्यानंतर मला स्वर्गाची प्रार्थना खरी करता आली. त्या आधी मी त्या प्रार्थनेच्या मागं लपत होते.

तेव्हा टोळीला फोन कर. त्यांची परवानगी मागू नकोस, चोरूनही करू नकोस. "मी छाटणी लावतेय, तुम्ही नाही आलात तरी चालेल," असं सांगून कर. पैशाची अडचण असेल तर बेदाण्याचा सौदा होईपर्यंत टोळीचा मुकादम थांबतो का विचार, दोन वर्षांपूर्वी काय झालं हे त्यालाही माहीत असणार.

एप्रिल छाटणीचं तुला मी काय सांगणार. कवठेमहांकाळकडं माझ्या भावाची बाग आहे, त्याच्याकडून जेवढं कळलं तेवढं. ऑक्टोबरच्या छाटणीला माणूस घडांकडं बघून काम करतो. एप्रिलला दिसायला काहीच नसतं. हिरवीगार बाग एका डोळ्यावर, म्हणजे काडीवरच्या एका कोंबावर, आणून बोडकी करायची, भर उन्हात पाणी द्यायचं, नवी काडी येते तिचा शेंडा मारायचा, आणि दीड-दोन महिन्यांनी त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरच दिसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, या माणसानं उन्हाळाभर लाकडाला पाणी घातलं. भाऊ म्हणतो, खरा माल एप्रिलला ठरतो, ऑक्टोबरला नुसता मोजायचा. यजमानांनी हे पंचवीस वर्षं केलंय. न दिसणाऱ्या गोष्टीची वाट बघत राबणं त्यांना कुणी उपदेशकानं शिकवायला नको.

पाळकसाहेबांना घरी बोलव, पण प्रार्थना सभा ठेवू नकोस. एकटेच येऊ देत, चहाला. आणि त्यांना आधी फोन करून सांग की उपदेश करायचा नाही, लेकाविषयी विचारायचं. तो कसा होता, कशावर हसायचा, पहिल्यांदा छाटणीची कात्री हातात धरली तेव्हा कितवीत होता. दोन वर्षांत त्या घरात त्याचं नाव किती वेळा घेतलं गेलं मला शंका आहे. धाकटीलाही बसू दे. तिचा भाऊ गेलाय हे सगळे विसरतात, तिला फक्त बारावीचं विचारतात.

आणि एक कर. बागेत लेकानं स्वतःच्या हातानं बांधलेली एखादी ओळ तुला माहीत असेल. सुतळीच्या गाठीवरून बायकांना कळतं कुणाची गाठ ते. टोळी आली की मुकादमाला ती ओळ दाखव आणि तेवढी सोडून बाकीची छाटायला सांग. भावाला विचारलं, म्हणाला, एखादी ओळ आठ-दहा दिवस मागं पडली तर फवारणीची जरा ओढाताण होते, दुसरं काही बिघडत नाही. यजमानांना काही बोलू नकोस. कात्री त्या ओळीच्या पहिल्या खांबाला अडकवून ठेव.